शीवची चाचणी : न दिसणाऱ्या नळीचा शोध

स्त्रीच्या ओटीपोटाची सोनोग्राफी केली असता गर्भाशय दिसते, त्याच्या आतल्या अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते, दोन्ही बाजूंची अंडाशये आणि त्यांत वाढणाऱ्या बीजपुटिकांची काळी वर्तुळे एकेक करून मोजता येतात. परंतु या अवयवांच्या मधली बीजवाहिनी, म्हणजे जिच्यात स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची गाठ पडते ती नळी, निरोगी असेल तर पडद्यावर बहुधा दिसतच नाही. ती बिघडून पाण्याने फुगली, की मात्र चटकन नजरेत भरते. त्यामुळे दिवस राहत नाहीत म्हणून तपासणीला आलेल्या जोडप्याच्या हातात पडणाऱ्या ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या अहवालाचा अर्थ ‘नळ्या मोकळ्या आहेत’ असा होत नाही. नळ्यांविषयी त्या अहवालाने काहीच सांगितलेले नसते. कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग वस्तीत सोनोग्राफीची केंद्रे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. पण साधी सोनोग्राफी आणि नळ्यांची सोनोग्राफी या दोन निराळ्या तपासण्या आहेत, आणि त्यांपैकी दुसरीच्या एका सोप्या, स्वस्त पद्धतीला याच रेल्वेमार्गावरच्या एका स्थानकाचे नाव मिळालेले आहे.

बीजवाहिनीचे शास्त्रशुद्ध वर्णन पादुआ विद्यापीठातील शरीररचनाकार गाब्रिएले फालोप्पिओ याने १५६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले, आणि तिचे मोकळे टोक घंटेसारखे पसरट असल्याचे पाहून त्याने तिला लॅटिनमध्ये ‘टूबा’, म्हणजे तुतारी, असे म्हटले. पुढे या शब्दाची ‘ट्यूब’ झाली, मराठीत तिची ‘नळी’ झाली, आणि तुतारीचा आकार भाषेतून नाहीसा झाला. ही हानी केवळ शब्दाची नाही. नळी म्हटले की पाण्याची पाइपलाइन डोळ्यांसमोर येते, जी एक तर चालू असते किंवा तुंबलेली असते. प्रत्यक्षात सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव जागोजागी वेगळा आहे. गर्भाशयाच्या भिंतीतून जाणारा त्याचा पहिला भाग इतका अरुंद असतो की त्याची पोकळी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी भरते, मधला भाग रुंदावत जातो, आणि शेवटी बोटांसारख्या झालरी असलेले तुतारीचे तोंड अंडाशयावर पसरते. अंडाशयातून सुटलेले बीज या झालरींनी टिपून घ्यावे लागते. आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म केस, ज्यांना रोमिका म्हणतात, आणि भिंतीतल्या स्नायूंचे आकुंचन यांच्या साहाय्याने ते पुढे सरकते. फलन नळीच्या रुंद भागात होते, आणि तयार झालेला गर्भ तीन-चार दिवस नळीतच प्रवास करून मग गर्भाशयात उतरतो. म्हणजे हा नुसता रस्ता नसून वाहतूक चालवणारी यंत्रणाही आहे, आणि रस्ता मोकळा असणे व यंत्रणा चालू असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुढील सर्व विवेचनात हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

निरोगी नळी सोनोग्राफीत का दिसत नाही, याचे उत्तर ध्वनीच्या वागणुकीत आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० हजारांपर्यंत कंपने ऐकू येतात. सोनोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या श्राव्यातीत लहरींची कंपने सेकंदाला काही दशलक्ष असतात. शरीराच्या मऊ ऊतींतून त्या सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात आणि दोन वेगळ्या घनतेच्या ऊतींच्या सीमेवर थोड्या परावर्तित होतात. या प्रतिध्वनींवरूनच चित्र तयार होते. पाण्यातून लहर विनाअडथळा जाते, म्हणून पाणी पडद्यावर काळे दिसते. हवेवर ती जवळजवळ पूर्ण आपटून परत येते, म्हणून हवेच्या मागचे काहीच दिसत नाही. निरोगी बीजवाहिनीच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, आत पाणी नसते, भोवतालच्या ऊतींपेक्षा तिचा प्रतिध्वनी फारसा निराळा नसतो, आणि शेजारी वायूने भरलेली आतडी सतत हलत असतात. अशा स्थितीत ती दाखवायची तर तिच्यात काहीतरी सोडावे लागते, आणि ते पुढे सरकताना पाहावे लागते.

नळीत काहीतरी सोडून तिची परीक्षा घेण्याची कल्पना सोनोग्राफीहून कितीतरी जुनी आहे. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ इसिडोर रुबिन यांनी १९२०च्या सुमारास गर्भाशयात वायू सोडून त्याचा दाब मोजण्याची रीत प्रचारात आणली. नळ्या मोकळ्या असतील तर वायू पोटाच्या पोकळीत निसटे आणि दाब उतरे. स्त्री उठून बसली की हा वायू वर चढून श्वासपटलाला टोचे आणि तिचा खांदा दुखे, आणि हे खांद्याचे दुखणेच नळी मोकळी असल्याचा पुरावा मानले जाई. या पद्धतीत कोणती नळी मोकळी आणि कोणती बंद हे मात्र कळत नसे. तिच्याच जोडीने क्ष-किरणांची पद्धत वाढली. गर्भाशयात आयोडीनयुक्त द्रव सोडून फोटो काढायचा ही तपासणी आजही एचएसजी या नावाने सर्वत्र होते. तिला बायका सरसकट ‘नळ्यांचा फोटो’ म्हणतात, आणि ते नाव अचूक आहे. तिच्यात दोन्ही नळ्यांची आतली आकृती उमटते, ही तिची मोठी जमेची बाजू. त्याच्या बदल्यात थोडा किरणोत्सार घ्यावा लागतो, क्ष-किरण विभाग लागतो, आणि नळीच्या बाहेर काय चिकटले आहे ते दिसत नाही. तिसरी पद्धत लॅपरोस्कोपीची, म्हणजे पूर्ण भूल देऊन बेंबीजवळून दुर्बीण आत घालायची, खालून निळा रंग सोडायचा आणि तो झालरीतून टपकताना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचा. या तपासणीइतका भरवसा दुसऱ्या कोणत्याही तपासणीचा नाही. पण ती शस्त्रक्रिया आहे, तिला शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ लागतात.

इयान डोनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोमध्ये ओटीपोटाची श्राव्यातीत चित्रे काढून १९५८ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून स्त्रीरोगशास्त्रात या तंत्राचा शिरकाव झाला. तथापि नळ्यांसाठी त्याचा उपयोग व्हायला आणखी पाव शतक जावे लागले. १९८४ साली अमेरिकेत गर्भाशयात द्रव सोडून तो पोटात उतरतो का हे सोनोग्राफीने पाहिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत साखरेच्या सूक्ष्म कणांपासून बनवलेले, पडद्यावर पांढरे चमकणारे खास द्रव वापरले जाऊ लागले. हे द्रव परिणामकारक होते आणि महागही होते. मुंबईतील महापालिकेच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, जिथे केसपेपरसाठी सकाळपासून रांग लागते, तिथे ते रोज वापरणे कठीण होते.

शीवचे लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालय, ज्याला सगळे ‘सायन हॉस्पिटल’ म्हणतात, लष्कराच्या बराकींमध्ये सुरू झाले. उल्हासनगरही लष्करी छावणीच्या बराकींतच फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवले, आणि तिथे ‘कॅम्प’ व ‘बराक’ हे शब्द पत्त्यांतून अजून गेलेले नाहीत. मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरच्या या दोन ठिकाणांत एवढे साम्य योगायोगाचे असले, तरी कल्याणपलीकडच्या रुग्णांना मोठ्या आजारासाठी ज्या पालिका रुग्णालयांची वाट धरावी लागते त्यांत सायनचे नाव अग्रक्रमाने येते, मग जलद गाडी शीवला थांबत नाही म्हणून वाटेत उतरून धीमी गाडी पकडावी लागली तरी. याच रुग्णालयातील अनुभवावर आधारलेला डॉ. गौतम अल्लाहबादिया यांचा लेख १९९२ साली ‘फर्टिलिटी अँड स्टरिलिटी’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यात मांडलेली पद्धत भारतीय पाठ्यपुस्तकांत ‘सायन टेस्ट’ किंवा सोनोसाल्पिंगोग्राफी या नावाने दाखल झाली. वैद्यकातल्या चाचण्यांना सहसा माणसांची नावे मिळतात. मुंबईच्या एका भागाचे नाव मिळालेली ही चाचणी म्हणूनच विरळा.

या पद्धतीचे वैशिष्ट्य तिच्या सामग्रीत आहे. लघवीसाठी वापरतात ती फोलीची रबरी नळी, तिचाच लहान, आठ क्रमांकाचा, म्हणजे तीन मिलिमीटरहूनही कमी जाडीचा प्रकार घ्यायचा, तो गर्भाशयाच्या मुखातून आत सरकवायचा, आणि टोकाजवळचा छोटा फुगा फुगवून द्रव परत खाली येणार नाही अशी बुचासारखी व्यवस्था करायची. मग सुमारे २०० मिलिलिटर सलाइन, तेच जे कोणत्याही दवाखान्यात बाटलीतून शिरेत दिले जाते, संथपणे आत सोडायचे आणि त्याच वेळी सोनोग्राफीच्या पडद्यावर त्याचा मागोवा घ्यायचा. गर्भाशयाची पोकळी मुळात काही मिलिलिटरांचीच असते, तेव्हा इतके पाणी तिच्यात मावणे शक्य नाही. ते कुठे जाते, हाच या तपासणीचा प्रश्न. प्रथम गर्भाशयाची पोकळी काळ्या त्रिकोणासारखी उघडते, आणि तिच्यात एखादी गाठ किंवा पडदा असला तर तो याच क्षणी कळून येतो, हा तपासणीचा न मागता मिळालेला फायदा. त्यानंतर पाणी एकेका कोपऱ्यातून नळीत शिरते, आणि नळी मोकळी असेल तर झालरीच्या टोकाशी कारंज्यासारखा फवारा उडताना दिसतो. शेवटी गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, जिला डग्लसची पिशवी म्हणतात, पाण्याचे काळे तळे साचते. हे पाणी पोटाच्या आतले आवरण काही वेळात शोषून घेते, त्यामुळे ते बाहेर काढावे लागत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि घाईच्या अहवालांत नेमका तोच हरवतो. मागे तळे साचले याचा अर्थ किमान एक नळी मोकळी आहे एवढाच; दोन्ही मोकळ्या आहेत हे सांगायचे तर दोन्ही बाजूंचा फवारा स्वतंत्रपणे पाहिलेला असावा लागतो. नुसते तळे पाहून ‘दोन्ही नळ्या मोकळ्या’ असे लिहिणे म्हणजे अंगणात पाणी साचले म्हणून छताचे दोन्ही पन्हाळे चालू आहेत असे ठरवण्यासारखे आहे. फवारा पाहण्यासाठी सोनोग्राफी करणाऱ्याची नजर तयार असावी लागते आणि घाई नसावी लागते. क्ष-किरणांचा फोटो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतो, पण सरकते पाणी ज्याने पाहिले त्याच्या शब्दावरच बहुधा विसंबावे लागते. स्वस्त साधनाची किंमत अशी कौशल्याच्या रूपाने मोजावी लागते, आणि चाचणीची नावाजणी करताना ही बाब झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पाणी काळे असल्यामुळे बारीक नळीत ते शोधणे कठीण जाते, म्हणून पुढच्या काळात पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळण्याची, रंगीत डॉप्लरने प्रवाह दाखवण्याची, आणि अलीकडे जेलचा फेस करून तो सोडण्याची पद्धत रूढ झाली. फेसातल्या असंख्य बुडबुड्यांवर ध्वनी विखुरतो आणि नळी पांढऱ्या रेघेसारखी उजळते. नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या या फेस-पद्धतीची तिथल्याच रुग्णालयांत एचएसजीशी तुलना केली गेली, तेव्हा २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत पुढे मूल होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले, आणि फेसाची तपासणी स्त्रियांना कमी वेदनादायक वाटली. एचएसजीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नेदरलँड्समध्येच १,११९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तेलयुक्त द्रव वापरून एचएसजी केलेल्यांपैकी ३९.७ टक्के स्त्रियांना पुढील सहा महिन्यांत दिवस राहून गर्भ टिकला, तर पाण्यात विरघळणारे द्रव वापरलेल्यांत हेच प्रमाण २९.१ टक्के होते. तपासणीनेच उपचाराचे काम थोडेसे उरकावे असा हा प्रकार असून ‘नळ्या धुतल्या की दिवस राहतात’ या जुन्या समजुतीत तथ्यांश होता, इतके त्यावरून म्हणता येते; मात्र हा लाभ तेलाचा आहे, सलाइनच्या प्रत्येक तपासणीला तो चिकटवणे योग्य नाही.

नळी बंद का होते, या प्रश्नाचे भारतातले उत्तर युरोपातल्या पाठ्यपुस्तकाबरहुकूम येत नाही. तिथे क्लॅमिडियासारखे लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग प्रमुख कारण मानले जातात. इथे त्यांच्याबरोबर, आणि अनेकदा त्यांच्या आधी, क्षयरोगाचा विचार करावा लागतो, कारण जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. फुप्फुसातून रक्तावाटे पसरलेला क्षय जेव्हा स्त्रीच्या जननेंद्रियांत उतरतो तेव्हा बीजवाहिन्या जवळजवळ नेहमीच त्याच्या तावडीत सापडतात, आणि तो कित्येकदा ताप, खोकला किंवा वजन घटणे असे कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे आत काम करीत राहतो. दाटीवाटीने राहणाऱ्या, चाळी आणि कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्तीत लहानपणी घरातल्या कुणाला क्षय झाला होता का, हा प्रश्न म्हणूनच नळ्यांच्या तपासणीआधी विचारण्याजोगा असतो. क्षयाने नळी कधी मण्यांच्या माळेसारखी गाठाळते, कधी कडक दोरीसारखी होते; पोकळी मोकळी राहिली तरी आतल्या रोमिका नष्ट झालेल्या असू शकतात. अशा नळीतून सलाइन व्यवस्थित वाहते, अहवाल ‘मोकळी’ असा येतो, आणि बीज मात्र पुढे सरकत नाही, किंवा फलित होऊन वाटेतच अडकते व गर्भ नळीतच रुजतो, जी जिवावर बेतणारी स्थिती आहे. दाबाने ढकललेले पाणी जाते म्हणून स्वतःहून न हलणारे बीजही जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

उलट बाजूची चूक अधिक वेळा घडते. गर्भाशयाच्या कोपऱ्याशी नळीचे तोंड वेदनेने आणि भीतीने आवळले जाते, पाणी आत शिरत नाही, आणि धडधाकट नळी ‘बंद’ ठरते. हे आवळणे काही वेळात सुटते. म्हणून तपासणीआधी स्नायू सैल करणारे औषध देतात, सलाइन सावकाश आणि अंगाच्या उबेइतके करून सोडतात, आणि तरीही कोपऱ्यातच अडथळा दिसला तर एका तपासणीवर निर्णय न देता ती पुढच्या पाळीनंतर पुन्हा करतात किंवा लॅपरोस्कोपीने खात्री करून घेतात. म्हणजे ‘मोकळी’ या शब्दावर ‘बंद’ या शब्दापेक्षा अधिक विश्वास टाकता येतो. घरोघरी याच्या नेमके उलट होते, ‘मोकळी’ ऐकून समाधान होत नाही आणि ‘बंद’ ऐकताच निकाल लागल्यासारखी निरवानिरव सुरू होते.

तपासणीचा दिवस पाळीवर ठरतो. रक्तस्राव थांबल्यानंतर आणि बीज सुटण्यापूर्वी, साधारणपणे पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती करतात, जेणेकरून नकळत राहिलेल्या गर्भाला धक्का लागणार नाही; अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल किंवा ओटीपोटात संसर्ग असेल तर ती पुढे ढकलतात, कारण खालचा जंतू पाण्याबरोबर वर नेला जाण्याचा धोका असतो. भूल लागत नाही, पाळीत दुखते तसे पोटात दुखते, काहींना घेरी येते, आणि तासाभरात बहुतेक स्त्रिया स्वतःच्या पायांनी घरी जातात. लॅपरोस्कोपीच्या तुलनेत हा मोठाच दिलासा असला तरी पाच दिवसांच्या या खिडकीत कामावरची सुट्टी, डॉक्टरांची वेळ आणि सोबतीचे माणूस यांची सांगड घालावी लागते. यंत्र रुग्णाकडे येत नाही, रुग्णाने यंत्राकडे जायचे असते, आणि यामागे कायदाही आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम केला, १९९४ साली तो केंद्राने केला, आणि त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची होऊन नोंदणीकृत जागेबाहेर ते मनमानीने फिरवता येईनासे झाले. येथे लिंगनिदान केले जात नाही, अशी पाटी प्रत्येक केंद्रात असते. ज्या यंत्राभोवती मुलगा की मुलगी या प्रश्नाने इतका कडक पहारा बसवायला लावला, त्याच यंत्रापुढे मूल होईल का, एवढाच प्रश्न घेऊन बसलेली स्त्री ती पाटी वाचत आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहते.

दोन्ही नळ्या खरोखरच बंद निघाल्या तर पुढचा मार्ग नळीला वळसा घालून जातो. जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाची, १९७८ साली जन्मलेल्या लुईस ब्राऊनची आई बंद नळ्यांचीच रुग्ण होती. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला, तेव्हा ही वाट महाराष्ट्रातही खुली झाली. नळी पाण्याने फुगलेली असेल तर तिच्यातले पाणी गर्भाशयात झिरपून रोपलेल्या गर्भाला बाधते आणि यश जवळजवळ निम्म्याने घटते, म्हणून अशी नळी आधी काढून टाकण्याचा किंवा तिचे तोंड बांधून टाकण्याचा सल्ला देतात. खर्चाचा आणि वयाचा हिशेब इथून सुरू होतो, आणि तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे.

नळ्यांच्या तपासणीचे स्थान क्रमात कोठे असावे, हे मात्र इथेच सांगितले पाहिजे. एक वर्ष नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत राहिले नाहीत, की तपासणी सुरू करावी असा संकेत आहे, आणि ती दोघांची सुरू करावी असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. व्यवहारात बाईची सोनोग्राफी होते, रक्त तपासले जाते, बीज फुटण्याच्या गोळ्या दिल्या जातात, नळ्यांचा फोटो काढला जातो, कधी दुर्बीणही घातली जाते, आणि सासरच्या घरात ‘तिच्या नळ्या’ हा शब्द रुळून गेल्यावर नवऱ्याच्या वीर्याच्या तपासणीची आठवण होते. या तपासणीला रबरी नळी लागत नाही, वेदना होत नाहीत, पाळीचा दिवस धरावा लागत नाही. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा असतो, तो साधी सोय असलेल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो, आणि तिचा अहवाल बहुधा एक-दोन दिवसांतच हाती येतो.